झाकण लावून काढलेले फोटो

गेल्या आषाढातल्या एका सकाळी लॅपटॉप उघडला, तर रात्रभरात निघालेल्या ५० फोटोंपैकी पहिले २२ काळेकुट्ट होते आणि पुढचे २८ पांढरेफटक. मला ५० च्या ५० काळे हवे होते. बाहेर पाऊस असा लागला होता की समोरची इमारतही धड दिसत नव्हती, तारे तर दूरच. कॅमेरा टेबलावर होता तसाच होता, मागचा पंखा घूं घूं करत. फक्त त्याच्या तोंडावर मी गुंडाळलेलं काळं कापड घडी करून बाजूला ठेवलेलं होतं आणि घडीवर झाकण. चारही कोपरे जुळवलेली अशी घडी आमच्या घरात एकच माणूस घालतो.

बाबा चहा घेऊन आले तेव्हा विचारलं, "झाकण तुम्ही काढलंत?"

"हो. रात्री पाणी प्यायला उठलो होतो. मागून एवढा गरम वारा येत होता त्याच्यातून, आणि पुढून तोंड बांधलेलं. म्हटलं, घुसमटेल. तू काढायला विसरली असशील."

"बाबा, जे कळत नाही त्यात हात कशाला घालायचा?"

ते "बरं" म्हणाले. माझा कप कॅमेऱ्यापासून लांब, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. बस, एवढंच झालं. नुकसान म्हणाल तर शून्य. पाऊस गणपतीपर्यंत हलणार नव्हता, ते ५० फोटो मी त्याच रात्री पुन्हा काढू शकत होते. तरी दिवसभर ऑफिसात ते "बरं" कानात राहिलं. दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं.

झाकण लावून काढलेल्या या फोटोंना आम्ही 'डार्क' म्हणतो. आकाशाचा फोटो पाच-पाच मिनिटांच्या उघडझापीने काढायचा असतो. तेवढ्या वेळात सेन्सर स्वतःच्याच उष्णतेने इलेक्ट्रॉन सोडत बसतो, आणि ते इलेक्ट्रॉन आणि ताऱ्यांच्या प्रकाशाने आलेले इलेक्ट्रॉन यांच्यात त्याला फरक करता येत नाही. दोन्ही एकाच वाटीत पडतात. म्हणून मग तोंड बंद करून, तेवढाच वेळ, तेवढ्याच तापमानाला नुसत्या अंधाराचे फोटो काढायचे. त्यात जे दिसतं ते आकाशाचं नाही, यंत्राचं स्वतःचं. ४०-५० फोटोंची सरासरी काढायची आणि खऱ्या फोटोतून ती वजा करायची. हे काम पावसाळ्यात उरकून ठेवायचं असतं. कोकणात आगोट भरतात तसं. फक्त आमच्या आगोटात पापड-कुरडयांऐवजी अंधार. आई हे ऐकून म्हणाली होती, "म्हणजे काहीच नसल्याचे फोटो काढतेस तू? आणि त्याला वीज?"

वीज हा आमच्या घरातला जुना विषय आहे. कॅमेरा आला तेव्हापासूनचा.

त्याआधी आठ वर्षं मी साध्या डीएसएलआर कॅमेऱ्यावर काम काढलं. त्यातला कारखान्यातून लावलेला फिल्टर काढून घेतला होता, कारण तो हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवतो आणि तेजोमेघांचं, म्हणजे ताऱ्यांमधल्या चमकत्या वायूच्या ढगांचं, तर सगळं सौभाग्य त्याच लालात असतं. विक्रोळीला कन्नमवार नगरात आमच्या इमारतीची गच्ची आहे. तिच्यावर पाण्याच्या टाक्या, डिशच्या थाळ्या, कुणाचे तरी वाळत घातलेले बूट, आणि उत्तरेला नवा टॉवर. मुंबईत ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर, म्हणजे आपल्या अक्षांशाएवढाच उंच. टॉवरच्या पाचव्या-सहाव्या मजल्यामागे तो कायमचा राहायला गेला. दुर्बिणीचा अक्ष आता ध्रुवाशिवाय, कॉम्प्युटरला ताऱ्यांचे नकाशे जुळवायला लावून साधावा लागतो. सोडियमचे पिवळे दिवे होते तोवर निदान त्यांचा ठरावीक रंग फिल्टरने गाळता यायचा. आता पांढरे एलईडी. त्यांच्या प्रकाशात सगळेच रंग असतात, गाळणार काय?

त्या डीएसएलआरचं दुखणं वेगळंच होतं. मे महिन्यातल्या रात्री गच्चीवर ३० अंश आणि कॅमेऱ्याच्या पोटात त्याहून जास्त. पाच मिनिटांचा फोटो उघडावा तर लाल-हिरवे-निळे ठिपके, हळदीकुंकवाच्या ताटावर कुणी शिंकल्यासारखे. डार्क काढावेत तर ते जुळायचे नाहीत, कारण रात्री नऊला काढलेला फोटो एका तापमानाचा, दोनचा दुसऱ्याच, आणि पहाटे वारा सुटला की तिसऱ्याच. ज्याच्यातून वजा करायचं आणि जे वजा करायचं, दोन्ही हलत राहायचं. खर्चाचा हिशेब लिहायचा आणि दर तासाला रुपयाची किंमत बदलायची, तसं.

थंड केलेला कॅमेरा म्हणजे फ्रीज नव्हे. सेन्सरच्या पाठीला पेल्टियेची चकती असते. पेल्टिये हा फ्रेंच माणूस; दोन धातूंच्या सांध्यातून वीज सोडली की एका बाजूला गारवा आणि दुसऱ्या बाजूला ऊब येते, हे त्याने १८३४ साली पाहिलं. उष्णता नाहीशी होत नाही, नुसती अलीकडची पलीकडे ढकलली जाते, आणि ढकलायला लागलेल्या विजेची ऊब वर वेगळी. ती सगळी पंखा मागून बाहेर फेकतो. बाबांच्या हाताला रात्री लागला तो हाच वारा. अशा कॅमेऱ्यांच्या जाहिरातीत 'हवेपेक्षा ३५ अंश खाली' असं लिहिलेलं असतं आणि युरोपातले लोक उणे वीसच्या गोष्टी करतात. आपण वजाबाकी करायची. जुलैत आमच्या खोलीत २९ अंश, म्हणजे फार तर उणे सहा, तेही चकतीला शंभर टक्के जुंपून. आणि शंभर टक्क्यांवर चालणारं यंत्र तापमान धरून ठेवू शकत नाही, त्याला वर जायला जागाच उरत नाही. म्हणून मी घरासाठी शून्य अंश ठरवलं. बारा महिने शून्य. थंडीत मुंबईबाहेर गेलं तर उणे दहा. दोनच आकडे, दोनच डार्कच्या पेट्या.

निवडताना मात्र डोकं फिरायची वेळ आली होती. सहा महिने मी आकडे वाचत होते. काळा-पांढरा घ्यायचा की रंगीत? काळा-पांढरा जास्त बारकाईचा, प्रत्येक पिक्सेल सगळा प्रकाश घेतो. पण मग फिल्टरचं चाक हवं, प्रत्येक रंगाचे वेगळे फोटो हवेत, वेगळे तास हवेत. मुंबईत वर्षाला धडाच्या रात्री किती? पावसाळ्याचे चार महिने गेले, ऑक्टोबरात धुरकं, मग पौर्णिमेच्या आसपासचे दिवस वजा, ऑफिसच्या रात्री वजा, सोसायटीच्या सेक्रेटरींनी गच्चीची चावी दिली नाही त्या वजा. चार रंगांचे हट्ट पुरवायला माझ्याकडे रात्रीच नव्हत्या. मग मोठा सेन्सर की लहान? मोठ्यात देवयानीची आख्खी दीर्घिका मावते, पण माझ्या ७२ मिलिमीटरच्या दुर्बिणीच्या कडेला तारे चिंचोक्यासारखे लांबट व्हायचे ते मोठ्या सेन्सरवर अजून दिसणार. एक २९४ नावाचा स्वस्तात बसणारा होता, पण त्याच्या एका कडेला सेन्सरच्या स्वतःच्या यंत्रणेची प्रभा फाकते, ऊन आल्यासारखी. डार्क वजा केल्यावर जाते म्हणतात. पण जे डार्क जुळवता जुळवता आठ वर्षं गेली, त्यांच्यावरच पुन्हा भिस्त ठेवायची हिंमत होईना.

शेवटी सोनीच्या आयएमएक्स ५३३ सेन्सरचा रंगीत कॅमेरा घेतला. चौकोनी, ३००८ बाय ३००८ पिक्सेल, म्हणजे फक्त ९ मेगापिक्सेल. भाच्याने विचारलं, "मावशी, माझ्या फोनला पन्नास आहेत, तुला नऊच?" किमतीत बरी मोटारसायकल आली असती. आईला मी अर्धीच किंमत सांगितली. बाबांना खरी. बाबांनी फक्त विचारलं, "गरम होत नाही ना?"

आता इथे एक कबुली द्यायला हवी, कारण हा कॅमेरा घेऊ का, असं विचारणारे मला अधूनमधून भेटतात. सेन्सरचं तापमान सहा-सात अंशांनी उतरलं की त्याची ही आतली गळती साधारण निम्मी होते. तिसावरून शून्यावर आलं की विसाव्या ते तिसाव्या हिश्शावर. ऐकायला फार भारी. पण मुंबईच्या आकाशाचा स्वतःचाच उजेड एवढा असतो की साध्या, फिल्टरशिवायच्या फोटोत सेन्सरच्या गळतीला विचारतो कोण? लाउडस्पीकर लावलेल्या मांडवात कुणी कुजबुजावं तशी ती. थंडाव्याचा खरा उपयोग अरुंद पट्ट्याचा फिल्टर लावल्यावर. मी हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे दोनच पट्टे सोडणारा फिल्टर वापरते. तेव्हा आकाश काळं पडतं आणि मग यंत्राची कुजबुज ऐकू यायला लागते. उणे दहाच्या खाली तर या नव्या सेन्सरला फारसा फरक पडतच नाही; उणे वीस हा मिरवायचा आकडा आहे. एवढे पैसे मोजून मी थंडी घेतली असं मला वाटत नाही. नोव्हेंबरातल्या रात्री नऊला शून्य, पहाटे चारला शून्य, जुलैत झाकण लावून शून्य. आठ वर्षं जे हललं ते एकदाचं थांबलं, पैसे त्याचे.

मुंबईची हवा या कॅमेऱ्यांच्या विरुद्ध आहे हे मात्र कुठल्याच जाहिरातीत नसतं. सेन्सर एका बंद कुपीत असतो, कुपीत ओल शोषणाऱ्या गोळ्या. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एका रात्री फोटोच्या मध्यभागी एक धुरकट वर्तुळ दिसायला लागलं, तासाभरात त्याला पाकळ्या फुटल्या. मला क्षणभर वाटलं, काहीतरी नवंच सापडलं. ते बर्फ होतं. कुपीतली ओल सेन्सरवर गोठत होती. गोळ्या काढून नव्या घातल्या, आणि तेव्हापासून कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत राहतो. निळे मणी गुलाबी झाले की आई त्यांना तव्यावर परतून पुन्हा निळे करून देते. ती कधीची मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकते. त्यामुळे या यंत्रातली ही एकच गोष्ट तिला पहिल्या दिवसापासून पटलेली आहे.

आणि बाबांना?

बाबा ३१ वर्षं महापालिकेच्या एका हॉस्पिटलात एक्सरेच्या डार्करूममध्ये होते. लहानपणी एकदा शाळेला सुट्टी आणि आई गावी, म्हणून त्यांनी मला सोबत नेलं होतं. दाराबाहेर लाल बल्ब. तो पेटलेला असताना दार उघडायचं नाही, मोठे डॉक्टर आले तरी नाही. आत गेल्यावर आधी काहीच दिसलं नाही, मग हळूहळू बाबांचे हात दिसायला लागले, लाल. फिक्सरचा आंबट वास. तो वास त्यांच्या शर्टाला घरीही असायचा. मला तो बाबांचाच वास वाटायचा, औषधाचा आहे हे तेव्हा कळलं. स्टीलच्या चौकटीत ताणून बसवलेली फिल्म ते डेव्हलपरच्या टाकीत सोडायचे, वरखाली हलवायचे आणि भिंतीवरच्या टायमरकडे न बघता मोजायचे. काळोखातून कुणाच्या तरी बरगड्या वर यायच्या. पुढे कितीतरी वर्षांनी लॅपटॉपवर ६० फोटो एकावर एक रचले आणि करड्या पडद्यातून तेजोमेघाची कड उमटली, तेव्हा मला आकाशाच्या आधी त्या टाकीतल्या बरगड्या आठवल्या.

२४ ऑक्टोबर १९९५ ला दिवाळीतलं सूर्यग्रहण होतं. खग्रास बघायला लोक उत्तरेत गेले, मुंबईला खंडग्रास. बाबांनी आदल्या दिवशी पूर्ण काळ्या केलेल्या फिल्मचे तुकडे आणले होते आणि आख्ख्या चाळीला दुहेरी करून वाटले. आज मी तसं कुणाला बघू देणार नाही, ग्रहणाचे चष्मे मिळतात ते घ्यावेत. पण १४ वर्षांची मी गच्चीत उभी राहून त्या काळ्या फिल्ममधून कुरतडलेला सूर्य पाहिला, आणि माझं जे काही सुरू झालं ते तिथून. नंतर वांगणी. कर्जत लाइनची शेवटची गाडी, खगोल मंडळाचे रात्रभराचे कार्यक्रम, शेतात अंथरलेल्या सतरंज्या, पहाटे दव पडून ओलं झालेलं ब्लँकेट आणि पहिल्या लोकलच्या खिडकीशी तोंड उघडं टाकून झोप. तिथे पहिल्यांदा कुणीतरी टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावायला सांगितलं, डोळे अंधाराला सरावलेले राहावेत म्हणून. मी सांगितलं, माहीत आहे, बाबांच्या डार्करूममध्ये तसाच दिवा असतो. आता वांगणीलाही बदलापूरकडची बाजू रात्रभर उजळलेली असते. त्यामुळे आम्ही थंडीत माळशेजच्या बाजूला जातो, गाडीच्या बॅटरीवर कॅमेरा चालवतो, आणि चहावाल्याला हा डबा कसला ते समजावतो.

दोन हिवाळ्यांपूर्वी घरच्या गच्चीवरून मी रोझेट तेजोमेघ काढला. मृगाच्या पूर्वेला, शृंगाश्वात, सुमारे ५००० प्रकाशवर्षांवर. आकाशात तो पूर्णचंद्राच्या दुपटीहून जास्त पसरलाय आणि डोळ्यांना ठार दिसत नाही. माझ्या चौकोनी सेन्सरमध्ये मात्र मापून शिवल्यासारखा बसतो. दोन रात्री, ५-५ मिनिटांचे ६० फोटो. बाबा वर आले होते, कानटोपी घालून, हातात बाजारातून आणलेल्या गरम शेंगांची पुडी. शेजारच्या इमारतीत कुणाच्या तरी हळदीचा डीजे वाजत होता आणि त्याचे हिरवे झोत आमच्या टाकीवरून फिरत होते. मी त्यांना फिल्टर लावायच्या आधीचा एक कच्चा फोटो दाखवला. करडा, मळकट, त्यात दहा-बारा तारे. आपल्या हौसेची ही बाजू मी सहसा कुणाला दाखवत नाही. बाबांनी चष्मा वर केला, स्क्रीनजवळ गेले, आणि म्हणाले,

"फॉग आलाय. दार नीट लागलं नव्हतं का?"

मी हसले. पण शब्द बरोबर होता. फिल्मवर कुठूनतरी चोरून उजेड पडला, की ती सगळीकडे सारखी करडी होते. डार्करूमवाल्यांच्या भाषेत फॉग. आपल्या डोक्यावर रोज रात्री तेच पडलेलं असतं. मुंबईचं दार गेली कित्येक वर्षं उघडं आहे आणि बाहेरचा लाल बल्ब कुणी लावलेला नाही. तेव्हा मी त्यांना जवळ बसवून सगळं सांगितलं होतं. फिल्टर, थंडावा, एकावर एक रचणं. डार्कचं तेवढं राहिलं. शेंगा संपल्या आणि ते खाली गेले.

आषाढातल्या त्या संध्याकाळी घरी आले तर बाबा टेबलाशी बसले होते. लॅपटॉप बंद होता, त्याला हात लावलेला नव्हता. मला म्हणाले, "ते सकाळचं दाखव मला. जे खराब झालं ते." मी पांढरे फोटो उघडले. ते म्हणाले, हे नको, चांगले दाखव. मी एक काळा उघडला. त्यांना नुसता काळा चौकोन दिसत होता. मग मी त्याची पातळी ताणली, उजेड शंभर पटींनी वाढवला, तशी त्या काळ्यात बारीक रवा दिसायला लागला. इकडे तिकडे एखादा पांढरा ठिपका, कायम त्याच जागी.

"काय गं, ही तर कोरी फिल्म," बाबा म्हणाले.

मला नीट कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. नवा खोका आला की त्यातली एक फिल्म ते न वापरता, कोरीच्या कोरी धुवायचे. डेव्हलपर, पाणी, फिक्सर, सगळं रीतसर. तिच्यावर काही उमटायला नको. उमटलं तर फिल्म जुनी आहे, नाहीतर गरम जागेत राहिली आहे, नाहीतर खोलीत कुठेतरी फट आहे. लाल दिव्याचीही परीक्षा असायची. अंधारात कोऱ्या फिल्मवर एक नाणं ठेवायचं, लाल दिव्याखाली दोन मिनिटं तसंच राहू द्यायचं आणि मग धुवायचं. नाण्याचा गोल दिसला तर दिवा खोटा बोलतोय. "पेशंटच्या फुप्फुसात डाग दिसला आणि तो आपल्या खोलीचा असला तर?" ते म्हणाले. "वरचे साहेब विचारायचे, फिल्म वाया का घालवता. महिन्याला एक. मी लिहून द्यायचो, तपासणीसाठी."

डेव्हलपर २० अंशांवर लागायचा. २० अंशांना ५ मिनिटं, असं टाकीवर लिहिलेलंच असायचं. मुंबईत मे महिन्यात २० अंश कुठून आणणार? म्हणून सकाळी बर्फवाला यायचा, गोणपाटात गुंडाळलेली अर्धी लादी घेऊन. ती फोडून टाकीच्या भोवतीच्या पाण्यात घालायची आणि थर्मामीटर धरून उभं राहायचं. दुपारपर्यंत बर्फ विरघळायचा, तापमान चढायचं, मग वेळ कमी करायचा, चार मिनिटं, साडेतीन. कोष्टक पाठ होतं. "तुझी ती चकती असती ना," बाबा म्हणाले, "तर बर्फवाल्याची कटकट गेली असती. एकदा त्याने गोणपाटाचा धागा टाकीत पाडला, तो तीन एक्सऱ्यांवर आला. डॉक्टरांना फ्रॅक्चर वाटलं."

मी ३१ वर्षं त्या माणसाच्या शर्टाचा वास घेतला आहे आणि बर्फाची गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. विचारलंच नव्हतं कधी. सकाळच्या वाक्याबद्दल मी काहीतरी बोलायला गेले, म्हणजे "बाबा, सकाळी मी," एवढं म्हटलंही. ते म्हणाले, "चूक माझी. बंद असलेलं दार उघडायचं नसतं. मला कळायला हवं होतं." आणि मग, जरा थांबून, "पण गरम वारा येत होता गं."

त्या रात्री जागा त्यांनी ठरवली. टेबल नको, खिडकीतून रस्त्याच्या दिव्याचा उजेड येतो. कपाटाचा खालचा खण. मी म्हटलं, दार लावलं तर मागचा गरम वारा आतच कोंडेल आणि चकतीला जड जाईल. मग त्यांनी दार चार बोटं उघडं ठेवून त्यावर आईची जाड गोधडी सोडली, अशी की वारा खालून निघेल आणि उजेड वरून शिरणार नाही. डार्करूमच्या दाराला असाच दुहेरी पडदा असायचा म्हणे. वायरी गोधडीखालून काढल्या. झाकणावर चिकटपट्टी लावून त्यांनी बॉलपेनने लिहिलं: तारीख, ० अंश, ५ मि., ५० नग. खाली, जरा मोठ्या अक्षरात, 'उघडू नये'. आई म्हणाली, माझी पांघरायची गोधडी होती ती.

मी साडेअकराला सुरू करून झोपले. पाऊस पत्र्यावर वाजत होता आणि त्याच्याखाली पंख्याचा आवाज बारीक, एकसुरी. चकती ६८ टक्क्यांवर, सेन्सर शून्यावर, काटा हलत नव्हता.

सकाळी ५० च्या ५० काळे होते. सवयीने मी प्रत्येकाची सरासरी काढून यादी पाहिली. सगळे आकडे एका रेषेत, हात धरून उभे. फक्त ३१ वा किंचित वर. तो उघडून पातळी ताणली, पिक्सेल रंगांप्रमाणे वेगळे केले. निळे ठीक, हिरवे ठीक. लाल तेवढे चढलेले, आणि एका बाजूने जास्त, जिथे प्लास्टिकच्या झाकणाला केसाएवढी फट आहे. वेळ पाहिली: दोन वाजून पाच मिनिटांच्या आसपास. त्या वेळी कुणीतरी गोधडी जराशी बाजूला करून आत डोकावलं होतं, आणि डोकावताना लाल टॉर्च वापरला होता.

सरासरी काढताना मी ३१ वा फोटो वगळला, ४९ चा डार्क केला. फाइल मात्र डिलीट केलेली नाही. बाबा आत आले, हातात चहाचे दोन कप. त्यांनी विचारलं, "आला का फॉग?"

"नाही," मी म्हटलं. "सगळे कोरे."